रोवणीच्या आधी: एकटं राहायला घाबरणाऱ्या कुत्र्यावरचे उपचार

जुलैमध्ये पाऊस धरला की दवनीवाड्यातली कित्येक घरं दिवसभर कुलपात असतात. गोंदिया तालुक्यातलं हे धानाचं गाव. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की बाया सकाळीच बांध्यांमध्ये उतरतात, गडीमाणसं चिखलणीला जातात, मुलं शाळेत. ज्यांच्याकडे मोहफूल वेचण्याचं किंवा तेंदूपत्त्याचं काम असतं त्यांची घरं मार्च ते मे पहाटेच रिकामी होतात. दिवाळीनंतर मंडईची जत्रा आली की अख्खं घर रात्रभर नाटकाला. हिवाळाभर माणसांच्या राबत्यात वावरलेल्या कुत्र्यासमोर एका सकाळी नुसतं अंगण उरतं.

बरेच कुत्रे सावली धरून झोपून जातात. काहींना ते जमत नाही. ते दाराची चौकट कुरतडतात, नखं रक्ताळेपर्यंत उंबरा खरवडतात, तासन्‌तास रडतात, लाळेनं छातीचे केस भिजवतात, एरवी घरात कधी न करणारे घरातच मुततात, नाहीतर भिंत ओलांडून मालकाच्या मागे शेताकडे धावत सुटतात. संध्याकाळी घरी आल्यावर माणसं म्हणतात, ‘माजलाय’, ‘राग काढतो आमच्यावर’, आणि काठी घेतात. मला याचंच फार वाईट वाटतं. तो राग नसतो, ती भीती असते. माणूस दिसेनासा झाल्याबरोबर कुत्र्याचं काळीज धडधडायला लागतं आणि पुढचं सगळं त्या घाबरगुंडीत होतं. हा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

उपचार दोन आहेत, औषध आणि सराव (थोडं थोडं करून एकटं राहायला शिकवणं), आणि दोन्ही बरोबरीनं करायचे. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फ्लुओक्सेटीन हे औषध कुत्र्यांच्या या आजारासाठी मंजूर केलं, ते सरावाच्या जोडीनं देण्यासाठीच. त्या औषधाच्या चाचणीत ८ आठवड्यांनी, नुसता सराव मिळालेल्या कुत्र्यांपैकी निम्मे सुधारले होते. सराव आणि औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी शेकडा ७२. औषधाचा पूर्ण गुण यायला ४ ते ८ आठवडे लागतात आणि सराव कित्येक महिने चालतो. म्हणून धानाच्या गावात हे काम जानेवारीत हातात घ्यावं. कापणी-मळणी उरकलेली असते, घरी कोणी ना कोणी असतं, आणि रोवणीला सहा महिने असतात. रोवणीच्या तोंडावर सुरुवात केली तर कुत्र्याला शिकायला वेळच मिळत नाही.

१. आधी बघा

घरातला जुना मोबाइल चार्जिंगला लावून उंच फळीवर ठेवा, व्हिडिओ सुरू करा आणि रोजच्यासारखे बाहेर पडा. अर्धा तास पुरे. या आजाराच्या खुणा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात, आणि एकदा पाहिल्यावर त्यासाठी पुन्हा कुत्र्याला छळण्याची गरज नाही.

व्हिडिओत काय पाहायचं? तुम्ही गेल्यावर किती सेकंदांनी तो उठला, दाराशी गेला, येरझाऱ्या घालायला लागला, धापा टाकायला लागला. निघताना त्याच्यासमोर एखादं उकडलेलं अंडं ठेवा. एरवी खादाड असलेला कुत्रा अंड्याला तोंडही न लावता दाराकडे टक लावून बसला आणि तुम्ही परतल्यावर ते अधाशासारखं खाल्लं, तर शंका फारशी उरत नाही.

पण व्हिडिओभर तो मजेत झोपला आणि नंतर कधीतरी चप्पल चावली असेल, तर तो कंटाळा आहे. त्याला फिरणं आणि काम द्या, औषध नको. फक्त वाटसरू किंवा दुसरं जनावर दिसल्यावर भुंकत असेल, तर तो राखण करतोय. फटाके फुटले किंवा वीज कडाडली तेव्हाच घाबरत असेल, तर ती आवाजाची भीती. ती एकटेपणाच्या भीतीसोबतही असू शकते, पण तिचा उपचार वेगळा धरावा लागतो.

२. डॉक्टरांकडे, आणि आधी एक धोक्याची गोष्ट

लाळ गळणं आणि वागण्यात अचानक बदल ही रेबीजचीही लक्षणं आहेत. फरक असा की एकटेपणाला भिणारा कुत्रा तुम्ही घरी असताना अगदी नेहमीसारखा असतो, खातो-पितो, खेळतो. माणसं आसपास असतानाही लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, चाल लडखडत असेल, दिसेल त्याला चावत असेल, विशेषतः लस दिलेली नसेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका, मुलांना लांब ठेवा आणि ताबडतोब पशुवैद्यकाला कळवा. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

रेबीजची शंका नसेल तर व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा. गावाकडचे बरेच पशुवैद्यकीय डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी-बैलांत असतात. कुत्रा भितो एवढंच सांगितलं तर बोलणं वाया जातं, व्हिडिओ दाखवला की लगेच कळतं. तपासणीत गोचीडताप, सांध्यांचं दुखणं, मूत्रमार्गाचा संसर्ग, म्हाताऱ्या कुत्र्यात विसरभोळेपणा, हे सगळं बघून घ्यायला सांगा. यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या, कारण पुढची औषधं तिथूनच शरीराबाहेर जातात. प्रकरण अवघड असेल तर गोंदियाहून रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर आहे. तिथं सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडून जनावरांचा दवाखाना आहे. महिन्यातून एकदा तिथं दाखवायचं आणि मधली देखरेख जवळच्या डॉक्टरांकडे ठेवायची, असं जमवता येतं.

३. एकटं सोडणं थांबवा

हे ऐकून लोक माझ्याकडे बघतच राहतात. घर सोडून बसायचं का? नाही. पण उपचारातलं हेच सर्वात महत्त्वाचं आहे. सरावात तुम्ही त्याला शिकवत असता की माणूस जातो आणि काही वाईट होत नाही. त्याच दिवशी दुपारी त्याला चार तास कोंडून गेलात, तर सकाळचं शिकणं पुसलं जातं.

खेड्यात ही सोय शहरापेक्षा सोपी आहे. आजी-आजोबा घरी असतात. शेजारी आवाज दिला तर येतो. त्याला माणूस पाहिजे असतो, तो तुम्हीच असायला हवा असं बहुतेक कुत्र्यांचं नसतं. म्हणून शेजारच्या छपरीत दोन तास बसवलं तरी भागतं. घरातल्यांनी पाळ्या लावा. शेतावर सोबत न्यायचं असेल तर दोर लांब ठेवा, सावली आणि पाणी बघा, आणि फवारणी किंवा दाणेदार कीटकनाशक टाकलेल्या बांधीजवळ नेऊ नका. ही व्यवस्था कायमची नाही, सराव मुरेपर्यंतची आहे.

आणि त्याला साखळीनं खांबाला बांधून जाणं हा उपाय नाही. घाबरलेला कुत्रा बांधला की भीती वाढते, गळा सोलतो, कधी फास बसतो. लोखंडी पिंजऱ्यात दात तुटतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधून ठेवणं, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, ही दोन्ही क्रूरता म्हणून नोंदलेली आहेत.

४. औषध

कोरड्या कडक बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लागत नाहीत. आधी पाणी भरून चिखल करावा लागतो. औषधाचं काम तेवढंच आहे. भीती इतकी खाली आणायची की सराव आत शिरेल.

रोजच्या औषधांत दोन मुख्य. फ्लुओक्सेटीनचं मान्य प्रमाण कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे १२ किलोच्या गावठी कुत्र्याला १२ ते २४ मिलिग्रॅमच्या दरम्यान. डॉक्टर बहुधा कमी प्रमाणापासून सुरू करतात. दुसरं क्लोमिप्रामीन, अमेरिकेत १९९८ पासून याच आजारासाठी मान्य, दर किलोला दिवसाला २ ते ४ मिलिग्रॅम, एका किंवा दोन वेळांत विभागून. हे आकडे तुम्ही डॉक्टरांशी नीट बोलू शकावं म्हणून दिले आहेत, स्वतः मात्रा ठरवावी म्हणून नाही. ६ महिन्यांखालच्या पिल्लांत ही औषधं अभ्यासलेली नाहीत. झटके येणाऱ्या कुत्र्याला ती धोक्याची, म्हणून पूर्वी कधी फिट आली असेल तर आवर्जून सांगा.

ही दोन्ही माणसांच्याही औषधांत आहेत आणि मेडिकल दुकानात चिठ्ठीवर मिळतात. इथं एक खबरदारी. माणसांसाठी फ्लुओक्सेटीन दुसऱ्या औषधाशी मिसळूनही विकलं जातं. पाकिटावर एकच नाव आहे ना, ते दुकानात उभं राहूनच वाचा. पातळ औषध मिळालं तर त्यात झायलिटॉल नाही याची खात्री करा. माणसांच्या औषधांत गोडीसाठी घातला जाणारा हा पदार्थ कुत्र्याची रक्तातली साखर एकदम पाडतो आणि यकृत खराब करू शकतो.

याहून मोठी खबरदारी गोचिडांची. आपल्याकडे गुराढोरांच्या आणि कुत्र्यांच्या गोचिडांवर अमिट्राझ असलेलं औषध पाण्यात मिसळून सर्रास लावलं जातं. फ्लुओक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीन चालू असताना अमिट्राझ अंगाला लागलं तर जिवावर बेतू शकतं. अमिट्राझ लावलेलं असेल तर निदान १४ दिवस थांबून मगच गोळी सुरू करतात, आणि फ्लुओक्सेटीन बंद केल्यावर ६ आठवडे अमिट्राझ लावत नाहीत. गोठ्यातल्या बैलाला लावायचं असेल तेव्हा कुत्र्याला लांब ठेवा. कुत्र्याच्या गोचिडांसाठी डॉक्टरांकडून दुसरं औषध घ्या. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉलही यांच्यासोबत धोक्याचं, म्हणून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तरी चालू गोळीचं नाव सांगा.

गोळी रोज ठरल्या वेळी, भाताच्या गोळ्यात किंवा अंड्यात द्या. पहिले आठ-दहा दिवस भूक कमी होते, कुत्रा सुस्त वाटतो, कधी ओकारी होते. बहुतेकांत ते ओसरतं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही, थरथर सुटली, झटका आला किंवा कधी न गुरगुरणारा कुत्रा गुरगुरायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तीन आठवड्यांत गुण दिसला नाही म्हणून गोळी सोडू नका; ही औषधं हळूहळूच लागू पडतात.

मधल्या काळात कधी बाहेर जावंच लागलं, लग्न, दवाखाना, तर डॉक्टर तेवढ्यापुरतं ट्रॅझोडोनसारखं तासा-दोन तासांत लागू पडणारं औषध जोडून देऊ शकतात. ते प्रथम तुम्ही घरी असताना देऊन बघा. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधावर मात्र समाधान मानू नका. एसप्रोमाझीन दिलं की कुत्रा आडवा पडतो, घर शांत होतं, पण आतली भीती तशीच असते. फक्त त्याला हलता येत नाही.

५. निघण्याच्या खुणा बोथट करा

तुम्ही दाराबाहेर पडायच्या कितीतरी आधी कुत्र्याला कळलेलं असतं. डब्याचं झाकण वाजलं, दुपट्टा डोक्याला गुंडाळला, विळा काढला, मोटारसायकलची किल्ली उचलली, कुलूप हातात आलं. त्याची घाबरगुंडी तिथूनच सुरू होते. म्हणून आधी या खुणांचा अर्थ काढून टाकायचा.

दिवसातून चार-पाच वेळा किल्ली उचला आणि पुन्हा खुंटीला लावून भाजी निवडायला बसा. दुपट्टा बांधून टीव्ही बघा. कुलूप उघडझाप करून ठेवून द्या. त्याच्याकडे बघू नका, बोलू नका. पहिल्या दिवशी तो उठून मागेमागे येईल. काही दिवसांनी नुसता कान हलवेल, मग तेही नाही. एका वेळी एकच खूण घ्या; एक निवली की दुसरी. सर्वात जास्त घाबरवणारी खूण, बहुतेक घरांत ती गाडीची किल्ली असते, शेवटी घ्या.

६. त्याची जागा

जुन्या पोत्याची किंवा गोधडीची एक घडी छपरीत ठरावीक ठिकाणी घाला. रोज तिथं बसल्यावरच मुरमुरे, शेंगदाणे, अंड्याचा तुकडा द्या. आधी तुम्ही शेजारी बसलेले, मग दोन पावलांवर, मग आतल्या खोलीत जाऊन लगेच परत. इथं शिस्त शिकवायची नसते. त्या घडीवर त्याचं अंग सैल पडायला हवं: कंबर एका बाजूला कलंडलेली, मान खाली, श्वास संथ. नुसता बसून राहिला पण डोळे तुमच्यावर रोखलेले आणि कान ताठ, तर ते अजून झालेलं नाही.

उन्हाळ्यात सरावाआधीचं फिरणं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर ठेवा. गोंदियाच्या मे महिन्यात डांबरी रस्ता पंजे भाजतो.

७. दाराबाहेर, सेकंदांनी

आता मुख्य काम. याच्यामागची कल्पना जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी घाबरलेल्या मांजरांना भीतीच्या जागेपासून लांब खाऊ घालत हळूहळू जवळ आणलं, आणि १९५८ साली त्यावर माणसांच्या उपचाराचं पुस्तक लिहिलं. भीती जागी होणार नाही इतक्या कमी मात्रेत भीतीचं कारण द्यायचं आणि मात्रा थोडी थोडी वाढवायची, एवढंच ते तत्त्व. म्हणून सरावात कुत्रा घाबरलाच नाही पाहिजे. रडू दे, रडून रडून सवय होईल, हे इथं खोटं ठरतं.

व्हिडिओतून तुम्हाला कळलेलं असतं की तो किती सेकंदांनी उठतो. समजा २० सेकंद. मग पहिल्या दिवशी कधीच १० च्या वर जायचं नाही. दार ओढा, बाहेर थांबा, ५ सेकंदांनी आत या. थोडं थांबा, त्याला सैल होऊ द्या. मग ३ सेकंद. मग ८. मग ४. वेळ दर वेळी वाढवत नेऊ नका. प्रत्येक खेप आधीपेक्षा लांबली की तेही त्याच्या लक्षात येतं. आत आल्यावर धूमधडाका नको, पण त्याला टाळूही नका. शांतपणे डोक्यावर हात फिरवून पुढच्या कामाला लागा. एका बैठकीत १५-२० मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. एक दिवस सुट्टी पडली तर बिघडत नाही.

बाहेर उभं राहून तो कसा आहे हे दिसायला हवं. घरातल्या एका मोबाइलवरून दुसऱ्यावर व्हिडिओ कॉल लावला की काम होतं. नेट नसेल तर घरातल्याच कोणाला खिडकीआडून बघायला लावा. उठला, कानोसा घेतला, जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, की तुम्ही फार वेळ घेतला. पुढची खेप निम्म्यावर आणा. लागोपाठ तीन दिवस असं झालं तर आठवडाभरापूर्वीच्या वेळेवर परत जा.

दोन-तीन मिनिटं जमली की बाहेरची कडी घाला, आणि वेळ पुन्हा सेकंदांवर आणा. मग कुलूप, तेव्हाही तसंच. मग गाडी सुरू करून बंद करणं, मग गाडी कोपऱ्यापर्यंत. नवी गोष्ट जोडली की वेळ कमी करायची, हे लोक विसरतात आणि सगळं तिथंच फसतं.

पहिल्या अर्ध्या तासापर्यंतचा पल्ला फार रखडतो. कधी दोन महिने लागतात आणि वाटतं, काहीच होत नाही. धीर धरा. ३०-४० मिनिटं शांत राहणारा कुत्रा पुढे दहा-पंधरा मिनिटांच्या उड्या घेऊ शकतो, आणि दीड-दोन तास निवांत झोपला की बहुधा अर्धा दिवस काढतो. ही अंतरं वहीत लिहा: तारीख, किती वेळ, कुठे उठला. डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवायला ती वही कामाला येते.

सोबतीला दुसरा कुत्रा आणून ठेवू नका. त्याला माणूस हवा असतो. दुसऱ्या कुत्र्याने क्वचितच फरक पडतो, आणि कधी दोघंही रडायला लागतात.

८. रोवणी, मंडई आणि गोळी कमी करणं

जूनच्या शेवटी वही बघा. कुत्रा तीन-चार तास राहत असेल तर रोवणीत दुपारच्या सुट्टीत एकजण घरी येईल असं ठरवा. एवढं झालं नसेल तर पाळ्या चालू ठेवा. पूर्ण दिवसाची घाई केली की महिन्यांचं काम वाहून जातं. मंडईच्या रात्री दोन गोष्टी एकत्र येतात, रिकामं घर आणि फटाके. त्या रात्री घरातल्या एकानं थांबावं, किंवा कुत्र्याला नातेवाइकाकडे पोहोचवावं.

गोळी कधी कमी करायची? नेहमीच्या दिनक्रमात कुत्रा निदान दोन-तीन महिने शांत राहिल्यावर, आणि डॉक्टरांना विचारूनच. एकदम बंद करू नका. साधारण पाव भागानं मात्रा कमी करून दोन आठवडे बघतात, मग आणखी पाव. रोवणीत किंवा दिवाळीच्या आसपास ही सुरुवात नको. पुन्हा जानेवारी धरलेली बरी. काही कुत्र्यांना गोळी वर्षानुवर्षं लागते. वर्षातून एकदा रक्त तपासून ती चालू ठेवण्यात काही कमीपणा नाही. मात्रा उतरवताना दार खरवडण्याचा आवाज पुन्हा आला, तर ज्या मात्रेवर तो शांत होता तिथं परत जायला डॉक्टरांना सांगा, पुन्हा व्हिडिओ लावा, आणि सराव वहीतल्या शेवटच्या शांत वेळेच्या निम्म्यावरून सुरू करा.